अल्झायमरचा डेटा: यादीत सगळ्यात वर एक्सआयएसटी का?

कोथरूडकर_आर
एमएस्सी बायोइन्फर्मेटिक्स, दुसरं वर्ष. प्रोजेक्टला अल्झायमर घेतला, कारण घरातच आहे. संध्याकाळ झाली की आजी पिशवी काढते, "मंडईपर्यंत रिक्षा करून दे, घरी जाते" म्हणते. घरीच असते. असो.

जीईओ या जीन्सच्या खुल्या डेटा-भांडारावरून मेंदूच्या आरएनए-सीक्वेन्सिंगचा (कुठला जीन किती चालू आहे, याच्या मोजणीचा) डेटा उतरवला. आजारी २४, निरोगी १८. डीईसेक२ (दोन गटांत कुठल्या जीन्समध्ये फरक आहे ते शोधणारं सॉफ्टवेअर) चालवलं, हजारावर जीन्स 'सिग्निफिकंट'! रात्रभर हवेत होतो. सकाळी यादी पाहिली तर पहिला एक्सआयएसटी, आजारी गटात वर गेलेला. तिसरा आरपीएस४वाय१, खाली गेलेला. यांचा विसरण्याशी काय संबंध? सोमवारी गाइडना दाखवायचंय.

पाषाण_टेकडी
नमुन्यांच्या माहितीची फाइल उघड आणि बायका किती ते मोज. एक्सआयएसटी बायकांच्या पेशींत दोनपैकी एक एक्स गुणसूत्र गप्प बसवतो. आरपीएस४वाय१ वाय गुणसूत्रावरचा, म्हणजे पुरुषांचा. म्हणजे तुझ्या आजारी गटात बायका जास्त. तू अल्झायमर नाही, बाई की पुरुष हे शोधलंस. डीईसेक२च्या डिझाइनमध्ये लिंग, वय, बॅच (नमुने कुठल्या खेपेत तपासले) आधी घाल, आजार शेवटी. आणि आकडे कच्चे काउंट्सच दे, आधीच नॉर्मलाइज केलेले नकोत.

पण खरी मेख पुढे आहे. या आजारात न्यूरॉन मरतात. उतीचा अख्खा तुकडा वाटून आरएनए काढला, की न्यूरॉनचे जीन्स खाली दिसणारच. आमच्या सोसायटीत दुधाच्या पिशव्या निम्म्यावर आल्या. लोकांनी दूध सोडलं, की मुलांकडे अमेरिकेला गेले? नुसत्या पिशव्या मोजून कळत नाही. मीही एकदा असलंच पोस्टर छापून बसले होते, लॅमिनेशनसकट. त्यामुळे पेशींच्या प्रमाणाचा अंदाज काढ, किंवा एकेका पेशीकेंद्रकाचा डेटा बघ. सिअ‍ॅटलचा एसईए-एडी अ‍ॅटलास तसाच आहे, ८४ दात्यांच्या मेंदूंचा, खुला आहे.

डेक्कन_क्वीन
यादी एक्सेलमध्ये उघडलीस का? सप्टेंबरच्या तारखा शोध. सेप्टिन जीन्सची 'सेप्ट२'सारखी जुनी नावं एक्सेल तारखा करून टाकायचं, म्हणून २०२० मध्ये ती नावंच बदलावी लागली. जुन्या फाइलींत अजून सापडतात.

कोथरूडकर_आर
ताई, आजारी २४ पैकी १७ बायका, निरोगी १८ पैकी ५! लिंग घातल्यावर दोन्ही जीन्स गायब, यादी २१२ वर. त्यात न्यूरॉनचा जीन 'स्नॅप२५' खालीच, म्हणजे तुमच्या पिशव्या. आणि हो, 'दोन सप्टेंबर' नावाचा जीन सापडला.

दुसरं: बाबा म्हणतात, आजीचा नि त्यांचा जेनेटिक रिस्क स्कोर काढ.

पाषाण_टेकडी
नको. असे बरेच स्कोर युरोपीय वंशाच्या लोकांवर बेतलेले असतात, आपल्याकडे तसेच लागू पडत नाहीत. एपीओई या जीनचा धोका वाढवणारा ई४ प्रकार निघाला तरी ती शक्यता असते, निदान नव्हे. ई४ असलेल्या कित्येकांना आजार होतच नाही. भारतातली माणसं हवीत तर लासी-डॅड हा वयस्कांच्या डिमेन्शियाचा अभ्यास बघ. ६० वर्षांपुढच्यांत डिमेन्शिया ७.४ टक्के, हा आकडा त्यातलाच.

सोमवारी पीसीएचा प्लॉट (सारखे नमुने जवळजवळ दाखवणारा) आधी दाखव. ठिपके लिंगानुसार रंगवून.

कोथरूडकर_आर
रंगवले. एक्सआयएसटीवाला एक 'पुरुष' बायकांच्या घोळक्यात बसलाय.

पाषाण_टेकडी
नळीवरचं लेबल बहुधा चुकलंय. तो नमुना काढ, परत चालव.