विषय: स्टू साताऱ्यात: मटण शिजेपर्यंत बटाटा गायब

मंडळी,
मंडळाच्या हिवाळी सहलीचा बीफ स्टू इथे करायचा आहे. २०१५ च्या कायद्याने राज्यात गाय, बैल, वळू बंद, म्हणून बोकडाचं मटण घेतलं. बाकी कृती तीच, सगळं एकत्र, कुकरला ६ शिट्ट्या. मटण कडक, गाजराचा लगदा, बटाटा शोधावा लागतोय. चुकतंय कुठे?
– सातारा, शाहूपुरी

---

दादा,
मटण आणि भाजी एकाच वेळी कुकरात, तिथेच घोटाळा. कुकरात १२० अंशांच्या आसपास तापतं. मटणातले चिवट पांढरे पडदे विरघळायला २०-२५ मिनिटं हवीत, बटाट्याला ५ पुरतात. आणि शिट्ट्या मोजू नका. कुणाचा कुकर १० मिनिटांत ६ मारतो, कुणाचा २० मिनिटांत. मोठ्या आचेवर १ शिट्टी, मग गॅस बारीक करून घड्याळावर २५ मिनिटं. वाफ आपोआप जिरू द्या. शिट्टी उचलून सोडलीत तर आतला रस्सा एकदम उसळतो आणि तुकडे कोरडे पडतात.

खांदा आणि गर्दन मिळून १ किलो घ्या, ४ सेंटीमीटरचे तुकडे, वर दोन नळ्या. निव्वळ मांडीचं नको, चोथा होतो.

२ छोटे चमचे मीठ चोळून २ तास ठेवा, फडक्याने कोरडं टिपा, लोखंडी कढईत ३ मोठे चमचे तेलावर ३ खेपांत परता. सगळं एकदम टाकलं की पाणी सुटतं, मटण उकडतं, रंग येत नाही. तुकडा बुडाला चिकटला तर उलथनं खुपसू नका. खरपूस झाला की आपसूक सुटतो. मटण काढून त्याच तेलात ३ कांदे, मग १ मोठा चमचा मैदा, २ मिनिटं. बुडाला तपकिरी खरवड धरलेली असते, ती कपभर गरम पाण्याने पूर्ण सोडवून घ्या. स्टूची निम्मी चव तीच. काळी पडली असेल तर मात्र फेका, नाहीतर अख्खा स्टू कडू.

कुकरात मटण, नळ्या, हे सगळं, २ टोमॅटो, ८ लसूण पाकळ्या, तमालपत्र, चमचाभर मिरी. पाणी मटण जेमतेम बुडेल इतकंच, कुकरात ते आटत नाही. झाकण निघालं की गाजर (महाबळेश्वरचं मिळालं तर प्रश्नच नाही), ८ मिनिटांनी बटाटे, मंद आचेवर उघडंच १५ मिनिटं. मटार शेवटची ५. लिंबू पिळायचं तर बटाटा शिजल्यावर. आंबटात तो लवकर मऊ होत नाही.
– सांगली, विश्रामबाग

---

वहिनींचं बरोबर. मूळ कृतीत खांद्याचं बीफ असतं आणि कुकर नसतोच. जाड बुडाच्या भांड्यात अडीच-तीन तास, वर एखादाच बुडबुडा येईल अशी आच. खदखदा उकळलं की मांस आकसतं आणि रस पिळून बाहेर येतो. भाज्या शेवटच्या ४० मिनिटांत. मंडळाच्या कागदावर नेमकी हीच ओळ राहून गेली आहे, पुढच्या प्रतीत घालतो.
– पाककृती समिती

---

वहिनी, कांदा-लसूण मसाला घातला तर? आणि घरात कोरेगावचा वाघ्या घेवडा आहे, तो चालेल?
– शाहूपुरी

---

मसाला घाला की, पण मग त्याला रस्सा म्हणा. मिरीची चव त्यापुढे टिकत नाही.

घेवडा वाटीभर पुरे. रात्रभर भिजवा, ते पाणी ओता, नव्या पाण्यात आधी १० मिनिटं खळखळून उकळा, मग वेगळाच मऊ शिजवून मटारांबरोबर घाला. कच्चट राहिला तर पोट बिघडतं.

एक राहिलं. बोकडाची चरबी लवकर थिजते आणि टाळ्याला चिकटते. वाडगे गरम पाण्यातून काढून मगच वाढा. उरलेला स्टू फ्रीजमध्ये ठेवलात तर सकाळी वर पांढरी चकती धरलेली असेल, ती अख्खी उचलून काढा आणि खालचा गरम करून ज्वारीच्या भाकरीशी खा.
– विश्रामबाग