भावाचं तोंड उघडंना, तुकडा काढावाच लागतो का? लवकर सांगा

सेलूकर
मोठ्या भावाचं तोंड नीट उघडंना. ठेचा तर सोडाच, साध्या वरणानंही आग होते म्हणतो. इथल्या डॉक्टरांनी जेल अन् गोळ्या दिल्या, फरक नाही. दुसऱ्यांनी बघितलं अन् म्हणाले तोंडातला छोटा तुकडा काढून तपासा, बायोप्सी करा. घरात रडारड सुरू झालीय. खरंच गरज असते का? हो की नाही एवढंच सांगा, उद्या निघायचं का ते ठरवायचंय.

गोदाकाठ
वय काय? कधीपासून? तंबाखू, पुडी, बिडी? जखम आहे का चट्टा? यातलं काही न सांगता हो की नाही कसं सांगणार?

सेलूकर
वय ४१. तंबाखूला हात लावत नाही, बिडी नाही, दारू नाही. म्हणून तर समजंना.

आण्णा_लातूर
उष्णता आहे. त्रिफळ्याच्या काढ्यानं गुळण्या करा, रात्री तूप लावा. माझ्या साडूचं तोंड महिन्यात मोकळं झालं. तुकडा मात्र काढू देऊ नका, चाकू लागला की पसरतं.

दंतवैद्य_जालना
आण्णा, गुळण्या सांगा, पण हे नका सांगू. तुकडा काढल्यानं तोंडातला आजार पसरत नाही. लोक याच भीतीनं थांबतात अन् उशीर होतो. सेलूकर, सुपारी खातात का ते? अन् गालाच्या आतून पांढरं दिसतं का?

सेलूकर
सुपारी सगळेच खातात की. आडतीवर बसतो, दिवसभर गालात असतेच. डाव्या गालात पांढरं आहे, मधे थोडं लालसर. लई दिवसांपासून.

दंतवैद्य_जालना
मग ऐका. नुसत्या सुपारीनंही गालाची आतली कातडी घट्ट होते, आत दोऱ्यासारखे पट्टे हाताला लागतात, तोंड आखडतं, तिखट सोसत नाही. याला सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात. तंबाखू नसली तरी सुपारीनं कॅन्सर होतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २००४ सालीच छापलंय. त्यांना स्वतःची तीन बोटं उभी धरून पुढच्या दातांमधे घालायला सांगा. जात नसतील तर तोंड आखडलंय.
चट्ट्याचं वेगळं. ओल्या कापडानं हलकेच पुसून निघाला तर बुरशी असू शकते. निघाला नाही तर ल्युकोप्लाकियाची, म्हणजे पुढं कॅन्सरकडं वळू शकणाऱ्या पांढऱ्या चट्ट्याची शंका येते. लाल भाग असेल तर जास्त काळजी. आत कितपत बिघडलंय हे वरून बघून कुणालाच सांगता येत नाही, म्हणून तुकडा. जागा बधिर करून डाळीएवढा काढतात.

परभणीचा_पोर
निळी शाई लावून पण तपासतात ना? मग कापाकापी कशाला?

दंतवैद्य_जालना
शाईनं तुकडा कुठून घ्यायचा ते समजतं. निदान तुकड्यावरच.

गोदाकाठ
गुटख्यावर २०१२ पासून बंदी, आमच्या चौकात मागाल तेवढ्या पुड्या. पकडतात कुणाला?

परभणीचा_पोर
तो विषय काढू नका, धागा दोनशे प्रतिसादांवर जाईल.

आण्णा_लातूर
माझ्या साडूचं मोकळं झालं हे खरंच आहे.

गोदाकाठ
साडूंनी सुपारी सोडली होती का?

आण्णा_लातूर
हो, ती सोडायला लावलीच होती.

सेलूकर
संभाजीनगरला घाटी दवाखान्यातल्या डेंटल कॉलेजला नेलं तर चालंल का?

दंतवैद्य_जालना
चालेल. ओरल मेडिसिनला, म्हणजे तोंडाच्या आजारांच्या विभागात दाखवा. जुने कागद, गोळ्यांची पाकिटं सोबत घ्या. तपोवन एक्स्प्रेसनं निघू नका, पोचेस्तोवर दुपार होते अन् ओपीडी उरकलेली असते. सुपारी आजपासून बंद, रिपोर्टची वाट बघू नका. आखडलेलं तोंड पूर्वीसारखं होईलच असं नाही, पण व्यायामानं, इंजेक्शननं थोडं सैल पडतं. रिपोर्ट चांगला आला तरी दर काही महिन्यांनी दाखवावंच लागेल.

सेलूकर
बरं. रात्रीच निघतो. वहिनीला काय सांगू?

मनमोकळी
डॉक्टर, माझ्या अक्कलदाढेचं विचारायचं होतं, दुखत नाही पण वाकडी आलीय. काढावी का?