मदत हवी आहे: आई-बाबांना सहारा दाखवायचाय. मोरोक्कोत मरझूगा गाठावं की झागोरा?

मंडळी, नमस्कार.

बाबांनी आयुष्यभर भूगोल शिकवला. बारखाण (चंद्रकोरीच्या आकाराच्या वाळूच्या टेकड्या), मरूद्यान हे सगळं फळ्यावर खडूने काढून समजावलं, पण स्वतः पाहिलं ते फक्त जैसलमेरजवळच्या सम गावचं वाळवंट, तेही गर्दीत. यंदा त्यांना सहारा दाखवायचाच, असं मी आणि भावाने मनावर घेतलंय. बराच खल होऊन मोरोक्को ठरलं, कारण तिथे डांबरी रस्ता थेट वाळूच्या टेकड्यांपर्यंत जातो.

बाबा ७२ वर्षांचे, इन्सुलिन चालू आहे. आईचे दोन्ही गुडघे दुखरे, जिना म्हटलं की तिला धडकीच भरते. दोघंही शाकाहारी, मटणाच्या रश्श्यातली भाजीसुद्धा चालणार नाही.

एका टूरवाल्याने मराकेश-मरझूगा-मराकेश असा तीन दिवसांचा कार्यक्रम दिलाय. नकाशात एका बाजूचं अंतर साडेपाचशे किलोमीटरच्या वर दिसतंय, मध्ये अॅटलासमधला तिझी न तिश्का घाट, २,२६० मीटर उंचीचा. दुसरा म्हणतो झागोराला जा, लवकर उरकतं. तिसरा अगाफाय सुचवतोय, मराकेशपासून तासाभरावर. बाबांना दमवायचं नाही, पण त्यांच्या हातावर काहीतरी थातुरमातुरही ठेवायचं नाही. शिवाय दिवाळीनंतर लगेच जावं की मुलांच्या नाताळच्या सुट्टीत? जाताना दुबईत दोन दिवस मावशीकडे मुक्काम आहे, फराळाचे डबे बरोबर असतील. इन्सुलिन, जेवण, उंट, ज्याला जे माहीत असेल ते कृपया सांगा.

प्रतिसाद

ताई, नोकरीमुळे मी काही वर्षं कासाब्लांकात होतो, त्या अनुभवावरून सांगतो.

अगाफाय आधी यादीतून काढा. तो दगडमातीचा उघडा माळ आहे. संध्याकाळ छान असते, पण वाळूच्या टेकड्या नाहीत. झागोराच्या आसपासच्या टेकड्याही बुटक्या. भूगोलाच्या सरांना न्यायचं तर मरझूगाच. तिथल्या एर्ग शब्बीच्या टेकड्या दीडशे मीटरपर्यंत उंच आहेत.

मात्र गेलात त्याच रस्त्याने परत येऊ नका. कासाब्लांकाला उतरून रेल्वेने फेझ गाठा, साधारण चार तास लागतात. तिथून गाडी करून इफ्रान, मिदेल्त, अर्फूद अशा वाटेने मरझूगा. मिदेल्तला एक मुक्काम टाका, म्हणजे कोणी दमणार नाही. पुढे झिझ नदीच्या दरीवर गाडी थांबवायला सांगाच. दोन्ही बाजूंना तांबूस, उघडेबोडके कडे आणि तळाशी नदीला धरून खजुरीचा हिरवा पट्टा, नजर पोचेल तिथवर. झाडांच्या सावलीत पाटाच्या पाण्यावर भाजीचे छोटे वाफे केलेले असतात. बाबांचा मरूद्यानाचा धडा तिथे उघड्यावर मांडलेला आहे, तिथे त्यांना घाई करू नका. येताना तोद्राची घळ, वार्झाझात आणि आइत बेन हद्दू करत मराकेशला उतरा. आइत बेन हद्दू १९८७ पासून जागतिक वारसा यादीत आहे, पण वरपर्यंत पायऱ्या आहेत. आईंनी खालूनच पाहावं.

नाताळ नको. त्या दिवसांत इफ्रानच्या बाजूला आणि तिश्का घाटात बर्फ पडून रस्ता बंद होऊ शकतो, आणि वाळवंटात रात्री पारा शून्याच्या आसपास जातो. दिवाळीनंतरचे दिवस उत्तम, खजूरही नुकताच उतरलेला असतो.

जुन्या शहरातल्या रियाधमध्ये, म्हणजे जुन्या वाड्यातल्या हॉटेलात, राहणार असाल तर तळमजल्याची खोली लेखी मागून घ्या. या वाड्यांचे जिने अरुंद, उभे आणि फरशीचे असतात. गाडीही दारापर्यंत जात नाही, सामान हातगाडीवर येतं आणि आपण बोळांतून चालायचं. दारापासून गाडीतळ किती लांब, हेही विचारा.

उंट उठताना आधी मागचे पाय ताठ करतो, त्यामुळे बसलेला माणूस एकदम पुढे फेकला जातो. दुखऱ्या गुडघ्यांना ते झेपणार नाही. वाळूतल्या तंबूपर्यंत फोर-बाय-फोर गाडी नेते, आईंसाठी ती आधीच ठरवा.

आणखी एक प्रतिसाद

माझ्या सासऱ्यांनाही इन्सुलिन आहे, म्हणून लिहिते. सगळं इन्सुलिन हातातल्या बॅगेत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. चेक-इनच्या सामानात टाकू नका, तिथे ते गोठू शकतं आणि गोठलेलं वापरता येत नाही. दुपारी गाडी उभी केली की आत ठेवायचं नाही. तंबूत रात्री फार गार असेल तर इन्सुलिनचं पाउच पांघरुणात घ्या. पुदिन्याच्या चहात साखर भरपूर असते, बाबांसाठी “ब्ला सुक्कर” म्हणून बिनसाखरेचा मागा.

जेवणात भाज्यांचं ताजीन (झाकणाच्या मातीच्या भांड्यात मंद शिजवलेला पदार्थ) सगळीकडे मिळतं, पण ते मटणाच्या रश्श्यात शिजवलेलं असू शकतं. “ब्ला ल्हम”, म्हणजे मांस नको, एवढं सांगून भागत नाही, रस्साही नको हे फोड करून सांगावं लागतं. हरीरा सूपमध्ये बहुधा मांस असतंच, ते टाळा. वांगी-टोमॅटोचं झालूक मात्र आपल्या भरिताची बहीणच आहे, आई खुशीने खातील. बिसारा नावाचं कडधान्याचं दाट सूप मिळतं, वर ऑलिव्हचं तेल आणि जिरेपूड. पण तेही कशात शिजवलंय ते विचारा. रोटी सगळीकडे ताजी असते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, दुबईत मुक्काम आहे म्हणून. फराळातले अनारसे घरीच ठेवा! संयुक्त अरब अमिरातीत खसखशीवर बंदी आहे, मसाल्यातली आणि मिठाईवरचीसुद्धा चालत नाही. गोड्या मसाल्याची पुडी नेणार असाल तर तीही तपासा. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध तिथे पूर्वपरवानगीशिवाय नेता येत नाही. भाऊ ड्रोन घेऊन येणार असेल तर त्यालाही थांबवा, मोरोक्कोत विमानतळावरच काढून घेतात.

मोरोक्कोचे दिरहॅम इथून न्यायच्या भानगडीत पडू नका, ते चलन देशाबाहेर नेण्या-आणण्यावर निर्बंध आहेत. युरो न्या, तिथे उतरल्यावर बदला, आणि मरझूगाकडे निघण्याआधी फेझमध्येच पुरेशी रोकड काढून ठेवा.