मदत हवी आहे: जुन्या फ्रेमच्या मापाचा फोटो घरी प्रिंट करताना छोटा येतोय

नमस्कार मंडळी,

आमच्या मालवणच्या घरात माजघराच्या दारावर आजोबांच्या वेळची एक सागवानी फ्रेम आहे, लांबुळकी, आतलं माप ५ इंच २ सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) बाय ११ इंच. सुताराने कशासाठी बनवली होती देव जाणे. तिच्यातलं जुनं चित्र यंदा वाळवीने खाल्लं. चतुर्थीला मुंबईची सगळी मंडळी यायच्या आत मला तिच्यात सिंधुदुर्ग किल्ल्याचा फोटो बसवायचाय, जेटीवरून काढलेला. गावातला स्टुडिओवाला ४ बाय ६, ५ बाय ७ सोडून बोलायलाच तयार नाही, म्हणतो फ्रेम बदला. आजी मलाच बदलेल.

म्हणून घरच्या इंक टँक प्रिंटरवर खटपट चाललीय. आधी विंडोजमध्ये राईट क्लिक करून सरळ प्रिंट दिली तर फोटो कापून आला, आजीने चष्मा लावून बघितलं आणि म्हणाली, "आणि बुरूज खंय गेलो मेल्या?" मग ए४ पानावर बरोब्बर माप टाकून पीडीएफ बनवली, तर आता बुरूज आहे पण फोटो भरतोय १० इंच साडेपाच सूत, रुंदी ५ इंच आणि वर जेमतेम सूतभर. तीनदा काढला, तिन्ही वेळा तेच. ग्लॉसी पेपर काय फुकट मिळत नाही हो. आणि हवा अशी दमट की प्रिंट दोन तासांनीही बोटाला चिकचिकते. प्रिंटर बिघडलाय की मी?

खाडीपलीकडे:
प्रिंटर ठणठणीत आहे, तुझंच माप सांगतंय. लांबी-रुंदी दोन्ही ९७ टक्क्यांवर आल्यात बघ. ए४ ची रुंदी २१० मिमी, प्रिंटर दोन्ही कडांना साधारण ३ मिमी सोडतो म्हणजे उरले २०४, आणि २०४ भागिले २१० केलंस की आलेच ९७. पीडीएफ प्रिंट करताना 'फिट' वर टिक असणार, म्हणून सगळं पान आवळून तेवढ्यात बसवतोय. तिथे 'अ‍ॅक्चुअल साईज' किंवा १०० टक्के कर. बॉर्डरलेसच्या नादी लागू नकोस, त्यात तो कडा भरायला फोटो जरा फुगवतो, पुन्हा माप चुकेल. तुझा फोटो १३३ बाय २७९ मिमी, ए४ च्या पांढऱ्या कडेत आरामात बसतो.
आणि आधी साध्या कागदावर काढून पट्टीने मोज रे, ग्लॉसी कशाला नासतोस.

कोकमसरबत:
बुरूज गेला तो विंडोजच्या 'फिट पिक्चर टू फ्रेम' मुळे, ती टिक काढली की कापत नाही. फोटो मूळ आहे ना पण? व्हॉट्सॅपवरून साधा पाठवलेला असेल तर लांबी १६०० पिक्सेलच्या आसपास उरते, ११ इंचांत म्हणजे इंचाला १४५, किल्ला धुरकट दिसेल. ३०० हवेत, म्हणजे ३३०० पिक्सेल. डॉक्युमेंट म्हणून मागव.
चिकचिकीचं म्हणशील तर पेपर सिलिका जेलच्या पुडीसकट झिपच्या पिशवीत ठेव, लागेल तेवढाच काढ. प्रिंट पंख्याखाली नको, कागद वळतो, खोलीत आडवी एक दिवस राहू दे. काचेला थेट टेकवू नकोस, कडेने माउंट बोर्डाची पट्टी घाल. आमच्या आईबाबांचा लग्नाचा फोटो काचेला असा चिकटलाय की आता काच फोडली तरी सुटायचा नाही.

धागाकर्ता:
खाडीपलीकडे, दंडवत! 'फिट' च होतं. १०० टक्के केल्यावर ११ म्हणजे ११ आलं, सूतही इकडे तिकडे नाही. कोकमसरबत, फोटो भावाकडून आलेला व्हॉट्सॅपचाच होता, त्याला डॉक्युमेंट पाठवायला लावला तर ४००० पिक्सेल निघाले, तटाचे दगड मोजता येतील. काल दिवसभर कपाटावर आडवा ठेवून आज बसवला.

तर फ्रेमच तिरकी! डावीकडे ५ इंच २ सूत, उजवीकडे ५ इंच ३ सूत. मी आपला एकाच बाजूला मोजून मोकळा. एका कोपऱ्यात सूतभर फट राहिली, मागे काळा कार्ड पेपर लावून भागवलंय. आजीला दाखवलं तर म्हणते, "तो सुतार तसोच होतो, आमचा दारव पण तसाच बसता."