तीन दिवसांत दुसरा बॉम्ब कशाला?

औशाचा मास्तर: नववीच्या पोरांनी आज कोंडीत पकडलं. ६ ऑगस्ट १९४५ ला अमेरिकेनं हिरोशिमावर अणुबॉम्ब टाकला. युद्धच थांबवायचं होतं तर ९ ला नागासाकी कशाला? काय सांगावं?

उदगीरकर: सर, जपान लगेच कुठं शरण आला? जमिनीवरून चढाई झाली असती तर दोन्हीकडची लाखो माणसं गेली असती.

परभणीवाला: ८ ला रशियानंही युद्ध पुकारलं होतं. थांबायचं की चार दिवस! आणि ९ चं मूळ लक्ष्य जपानचंच कोकुरा शहर. खालचं दिसेना म्हणून विमान नागासाकीला वळलं.

औशाचा मास्तर: मी किल्लारीचा. ९३ च्या भूकंपात पहाटे गाव गेलं, पण ते कुणी ठरवलं नव्हतं. इथं आभाळ बघून गाव बदललं राव! उद्या कोकुराचंच सांगतो. उठतो आता, भाकर गार व्हायलीय.