‘होर्वात’ आडनाव: कुळाचा अभिमान की परक्याची ओळख?

चर्चाप्रस्ताव : बखरवेडा
होर्वात हे क्रोएशियातील सर्वाधिक आढळणारे आडनाव असून त्याचा सरळ अर्थ ‘क्रोएशियन माणूस’ असा आहे. जिथे सारेच क्रोएशियन, तिथे काही घराण्यांनीच हे नाव लावावे, यामागे मला कुळाचा अभिमान दिसतो. 7 व्या शतकात आलेल्या मूळ टोळीशी नाते सांगणाऱ्यांनी ते जपले असावे.

प्रतिसाद : तळटीप
असहमत. हे आडनाव दाट आहे ते उत्तरेला, झाग्रेब, वाराझ्दिन आणि मेजिमुर्ये या भागांत. अभिमानाचा प्रश्न असता तर ते दक्षिणेत अधिक आढळले असते, कारण जुने क्रोएशियन राज्य दाल्मेशियाच्या बाजूला होते आणि झाग्रेबचा परिसर मध्ययुगात स्लावोनिया म्हणून ओळखला जाई. 1493 मध्ये क्र्बावाच्या मैदानात उस्मानी (ऑटोमन तुर्की) फौजेने क्रोएशियन सरदारांचा धुव्वा उडवला. त्या धामधुमीच्या काळात दक्षिणेतील कुटुंबे जीव मुठीत धरून उत्तरेकडे सरकली आणि तिथल्या गावकऱ्यांनी या उपऱ्यांना ‘होर्वात’ म्हटले. प्रमाण भाषेत ‘ह्र्वात’ म्हणतात. ‘होर्वात’ हे उत्तरेकडील काय्कावियन बोलीतले रूप आहे, ही बाबही बोलकी आहे.

प्रतिसाद : बखरवेडा
मग हंगेरीत ‘होर्वाथ’ इतके प्रचलित कसे? 1102 पासून दोन्ही मुलखांवर एकच राजमुकुट होता, त्यामुळे चाकरी आणि व्यापारासाठीही ये-जा चाले. शिवाय तीस वर्षांच्या युद्धात (1618–1648) हलक्या घोडदळाला सरसकट ‘क्रोएट’ म्हणत, मग स्वार मग्यार (हंगेरियन) का असेना. (गळ्यातला क्रॅव्हॅट हा रुमाल ही त्याच स्वारांची देणगी.) सगळ्यांना निर्वासितांच्या एकाच दावणीला बांधू नये.

प्रतिसाद : तळटीप
सगळे निर्वासित होते असे मी म्हटलेलेच नाही. मात्र आपले स्वारांचे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे, कारण तेही नाव इतरांनीच दिलेले होते. 1563 मध्ये कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील धर्मसभेने बाप्तिस्मा व विवाहांच्या नोंदी बंधनकारक केल्यावर गाव ज्याला जे म्हणे, तेच पाद्र्याच्या वहीत उतरले आणि मुलाबाळांना चिकटले. टोळीची वंशावळ त्या वहीत कुणी विचारली नव्हती.

प्रतिसाद : सीमोल्लंघन
स्लोव्हाकियातील अनेक रोमा (मूळ भारतातून गेलेल्या समाजाच्या) कुटुंबांचे आडनाव होर्वाथ आहे. बखरवेडा, आपल्या मूळ टोळीत यांना कुठे बसवणार?