मदत हवी आहे : हरणाच्या शिकारीसाठी लिव्हर-अ‍ॅक्शन रायफल – .३५७ मॅग्नम पुरेल की .४४ मॅग्नमच घ्यावी?

नमस्कार. मी अमेरिकेत ओहायो राज्यात कोलंबसजवळ राहतो आणि गेली चार वर्षे राज्याच्या आग्नेयेकडील व्हिंटन काउंटीच्या टेकड्यांत, एका परिचिताच्या खासगी रानात, पांढऱ्या शेपटीच्या हरणाची शिकार करतो. शिकारीचे प्रशिक्षण, वार्षिक परवाना आणि हरणासाठी लागणारा स्वतंत्र परवाना हे सारे रीतसर घेतलेले आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि ती योग्यच आहे असे माझे मत आहे. त्यामुळे शिकार करावी की करू नये, ही चर्चा कृपया या धाग्यावर नको.

आतापर्यंत मी १२ गेजच्या शॉटगनमधून एकसंध शिशाची जड गोळी, म्हणजे इकडे ज्याला स्लग म्हणतात ती, वापरत आलो. तिचा खांद्याला बसणारा धक्का मला आता सोसवत नाही. दुखण्यापेक्षाही वाईट गोष्ट अशी की, त्या धक्क्याच्या धास्तीने चाप ओढण्याच्या क्षणी माझे डोळे मिटू लागले आहेत. गेल्या हंगामात मचाणापासून जेमतेम चाळीस यार्डांवर आडव्या उभ्या असलेल्या नरावर माझा नेम साफ चुकला. गोळी मातीत गेली हे त्या हरणाचे आणि माझेही नशीब. पोटात लागून ते रानात निघून गेले असते, तर मी पुन्हा बंदूक हातात धरली असती की नाही, कोण जाणे.

ओहायोत २०१४ पासून हरणासाठी रायफल चालते, परंतु तिचे काडतूस सरळ पुंगळीचे (पुंगळी म्हणजे दारू धरणारे धातूचे आवरण) असावे लागते आणि व्यास .३५७ ते .५० इंचांच्या दरम्यान असावा लागतो. मानेशी निमुळती होणारी काडतुसे चालत नाहीत, त्यामुळे लिव्हर-अ‍ॅक्शनचे, म्हणजे चापाभोवतीची मूठ खालीवर करून काडतूस भरणाऱ्या रायफलीचे, पिढीजात काडतूस असलेले .३०-३० येथे बाद ठरते. रिव्हॉल्व्हरची मॅग्नम, म्हणजे अधिक जोमाची, काडतुसे मात्र या चौकटीत नेमकी बसतात. रायफलमध्ये रिव्हॉल्व्हरचे काडतूस ही कल्पना तशी जुनीच आहे. विंचेस्टरची १८७३ ची रायफल .४४-४० या काडतुसाची होती आणि पुढे कोल्टने त्याच काडतुसाचे रिव्हॉल्व्हर काढल्यावर कमरेच्या एकाच पट्ट्यातली काडतुसे दोन्ही हत्यारांना चालू लागली.

माझ्या मित्राकडे .३५७ मॅग्नमची, २० इंची नळीची एक जुनी लिव्हर-अ‍ॅक्शन आहे आणि ती तो मला रास्त भावात देऊ करतो आहे. धक्का अगदी सौम्य आहे, तिच्यात .३८ स्पेशल ही स्वस्त काडतुसेही चालतात, आणि त्यांवर मी शंभर-दोनशे बार सराव केला तेव्हा डोळे मिटण्याची खोड निम्म्याने कमी झाली. म्हणूनच मन तिच्याकडे ओढ घेते.

अडचण आकड्यांची आहे. कंपन्यांच्या तक्त्यांनुसार रायफलच्या नळीतून .३५७ ची १५८ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे एकक) गोळी सेकंदाला सुमारे १८३० फूट वेगाने निघते. तिची ऊर्जा नळीच्या तोंडाशी ११७५ फूट-पाउंड असते, ती शंभर यार्डांवर सुमारे ७१५ उरते. .४४ मॅग्नमची २४० ग्रेनची गोळी सुमारे १७६० फूट वेगाने निघते आणि तिची ऊर्जा १६५० वरून शंभर यार्डांवर १०१५ होते. कोलोरॅडोमध्ये हरणाच्या रायफलला शंभर यार्डांवर किमान १००० फूट-पाउंड ऊर्जा असावी असा नियमच आहे. त्या कसोटीवर .४४ कशीबशी उत्तीर्ण होते आणि .३५७ सपशेल नापास. ओहायोत असा ऊर्जेचा नियम नाही, पण कायद्याने चालते म्हणून सावजाला न्याय मिळतोच असे नाही.

माझ्या रानात ओक आणि हिकरीची दाट झाडी आहे. आजवर मला हरिण दिसले ते तीस ते सत्तर यार्डांच्या आतच. त्यापलीकडे बार टाकण्याचा माझा विचारही नाही. भरभक्कम नर जिवंतपणी नव्वद किलोंच्या घरात जातो. अशा हरणासाठी या अंतरावर .३५७ प्रामाणिकपणे पुरते का? पुरत असल्यास गोळी कोणत्या प्रकारची आणि किती वजनाची घ्यावी? ज्यांनी स्वतः हरिण पाडले आणि सोलले आहे, त्यांनी लिहिल्यास मोठी मदत होईल.

प्रतिसाद

माझे मत स्पष्टपणे .४४ च्या बाजूने आहे. हरिण नेहमी आडवे उभे राहत नाही. ते जरा तिरके असले की गोळीला खांद्याच्या हाडातून वाट काढून फुफ्फुसांपर्यंत पोचावे लागते आणि तिथे वजन कामाला येते. शिवाय .४४ ची गोळी बहुधा आरपार जाते. दोन्ही बाजूंनी रक्त पडले तर पानगळीनंतरच्या पाचोळ्यातही माग काढता येतो; गोळी आतच राहिली आणि प्रवेशाचे छिद्र वर असले, तर पहिल्या पन्नास यार्डांत रक्ताचा थेंबही दिसत नाही, हा माझा अनुभव आहे. धक्क्याची चिंता करू नका, तीन किलोच्या रायफलमध्ये .४४ चा धक्का तुमच्या स्लगच्या मानाने काहीच नाही, आणि सरावासाठी तिच्यात .४४ स्पेशल चालते.

प्रतिसाद

वरील मताशी मी अंशतः असहमत आहे. साठ-सत्तर यार्डांच्या आत .३५७ ने हरिण पडते, मी पाडले आहे. मात्र सारे काही गोळीच्या बांधणीवर अवलंबून आहे, आणि इथेच बहुतेक जण चुकतात. दुकानात सहज मिळणारी १२५ ग्रेनची पोकळ टोकाची गोळी माणसापासून स्वसंरक्षणासाठी आणि रिव्हॉल्व्हरच्या आखूड नळीतून मिळणाऱ्या वेगासाठी बनवलेली असते. तीच गोळी रायफलच्या लांब नळीतून कितीतरी अधिक वेगाने निघाली की हरणाच्या कातडीखाली दोन-चार इंचांतच फुटून विखुरते. वरून भयानक जखम दिसते आणि आत फुफ्फुसे शाबूत राहतात. जवळच्या अंतरावर हा धोका वाढतो, कारण तेव्हा वेग सर्वाधिक असतो. म्हणून १५८ किंवा १८० ग्रेनची, उघड्या शिशाच्या मऊ टोकाची आणि जाड तांब्याच्या आवरणाची गोळी घ्यावी. नळीच्या खालच्या मॅगझिनमध्ये (काडतुसे साठवण्याच्या नळकांड्यात) काडतुसे एकामागे एक रांगेत राहतात आणि मागच्या गोळीचे टोक पुढच्या काडतुसाच्या प्रायमरला, म्हणजे दारू पेटवणाऱ्या टोपीला, टेकते. त्यामुळे कडक अणकुचीदार टोकाची गोळी यात कधीही भरू नये. टोक चपटे असावे किंवा खास लिव्हर-अ‍ॅक्शनसाठी काढलेले लवचीक असावे. तिरक्या हरणावर बार न टाकण्याचा संयम असेल, तरच .३५७ घ्या.

प्रतिसाद

दोन्ही सोडून .३६० बकहॅमरचा विचार करा. रेमिंग्टनने २०२३ मध्ये आणलेले हे काडतूस .३०-३० च्या पुंगळीवरून सरळ करून, मुख्यतः ओहायोसारख्या राज्यांसाठीच बनवले आहे, आणि त्याच्या लिव्हर-अ‍ॅक्शन रायफली मिळतात. दीडशे यार्डांपर्यंत चिंता नाही.

आणखी एक. मॅगझिनमध्ये दहा काडतुसे मावत असली, तरी ओहायोत हरणाच्या शिकारीवेळी नळीत आणि मॅगझिनमध्ये मिळून तीनपेक्षा अधिक काडतुसे ठेवता येत नाहीत, हे लक्षात असू द्या.

धागालेखक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. बकहॅमरची सूचना उत्तम आहे, परंतु सत्तर यार्डांच्या रानासाठी मला इतक्या पल्ल्याची गरज नाही, आणि ज्या स्वस्त सरावाने माझी खोड मोडते आहे तो सराव तिच्यात होणार नाही. तीन काडतुसांचा नियम मला ठाऊक होता.

फुटणाऱ्या गोळीबद्दल वाचून मित्राकडची उरलेली काडतुसे काढून पाहिली, तर ती नेमकी १२५ ग्रेनची पोकळ टोकाची निघाली. त्याच काडतुसांनी मी नोव्हेंबरअखेर मचाणावर बसलो असतो.

तिरक्या हरणाचा मुद्दा मला सर्वांत अधिक पटला. थँक्सगिव्हिंग या नोव्हेंबरमधल्या सणानंतरच्या सोमवारी बंदुकीचा हंगाम उघडतो आणि तो मुख्यतः आठवडाभराचाच असतो. पाचव्या दिवशी संध्याकाळी तिरका उभा असलेला नर समोर आला, तर मी हात आखडेन अशी खात्री मला स्वतःबद्दल देता येत नाही. म्हणून मित्राला नकार कळवला असून .४४ घेण्याचे ठरवले आहे, २४० ग्रेनच्या मऊ टोकाच्या गोळीसह.

आता एकच शंका उरली आहे. मला चाळिशी लागली आहे आणि नेम धरायची मागची खाच, नळीच्या टोकाची माशी व हरिण ही तिन्ही एकदम स्पष्ट दिसत नाहीत, म्हणून दुर्बीण बसवावी लागेल. विंचेस्टरच्या १८९२ च्या धाटणीच्या रायफलीतून रिकामी पुंगळी वरून बाहेर पडते, त्यामुळे दुर्बीण तिच्या डोक्यावर नीट बसत नाही. मार्लिन कंपनीच्या १८९४ या रायफलीत पुंगळी बाजूने पडते. परंतु जुन्या मार्लिनच्या .४४ च्या नळीतील आटे (गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या खाचा) ३८ इंचांत एक फेरा इतके सैल आहेत आणि ३०० ग्रेनची जड गोळी त्यात स्थिर राहत नाही अशी तक्रार वारंवार वाचनात येते. २४० ग्रेनची गोळी त्याच नळीतून कुणी कागदावर मारून पाहिली आहे का, आणि पन्नास यार्डांवर पाच बारांचा पुंजका किती इंचांचा आला?